ठरावाला उत्तर द्या

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, कोल्हापूर यांस,



ग्रामसभेने केलेला ठराव जिल्हा परिषदेकडे आला की त्याला ठरलेल्या मुदतीत, तारखेसह लेखी उत्तर मिळावे, एवढ्या एका मागणीसाठी नेसरीहून हे पत्र लिहितो आहे. उत्तर होकाराचेच असावे असा आग्रह नाही. काम होणार असेल तर कधी, होणार नसेल तर का नाही, आणि विषय आपल्या अखत्यारीत नसेल तर कोणाच्या, इतके कागदावर यावे आणि तो कागद पुढच्या ग्रामसभेत वाचला जावा. मागणी छोटी आहे. गाव आणि जिल्हा यांच्यातला बराचसा अविश्वास मात्र या उत्तराच्या अभावातून जन्मतो, असे माझे ठाम मत आहे. कोणा एका कार्यालयाविरुद्ध किंवा अधिकाऱ्याविरुद्ध ही तक्रार नाही. रचनेतच राहून गेलेल्या एका उणिवेबद्दल मी बोलतो आहे, आणि आपण आपल्या पातळीवर ती भरून काढू शकता म्हणून पत्र आपल्याला लिहिले आहे.

आज गावातल्या एकट्या माणसाने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तर तीस दिवसांत त्याला उत्तर द्यावे लागते. जन्माचा दाखला किंवा रहिवासाचा दाखला वेळेत मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते. दप्तर दिरंगाई कायदा म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या २००५ च्या कायद्याने तर फायलीचेही दिवस मोजून दिले आहेत : एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त नको, दुसऱ्या विभागाकडे जायचे नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, जायचे असेल तर तीन महिन्यांत. म्हणजे एकट्या नागरिकाच्या अर्जाला मुदत आहे, फायलीला मुदत आहे. पण शंभर-दोनशे माणसे उन्हात बसून, वाद घालून, हात वर करून जो ठराव करतात, सूचक-अनुमोदकाच्या नावांसह जो प्रोसिडिंग बुकात उतरतो, त्याला उत्तर देण्याची मुदत कुठेच नाही. संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेला स्थान दिले, ती दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली. इतक्या वर्षांनंतरही सबंध गावाने एकत्र येऊन विचारलेला प्रश्न एका माणसाच्या अर्जापेक्षा हलका ठरावा, हे मला पटत नाही.

आमचे गाव आपण नकाशावर पाहिले असेलच. गडहिंग्लज ओलांडून चंदगडच्या दिशेने निघाले की नेसरी लागते. बाहेरच्या माणसाला नेसरी म्हटले की २४ फेब्रुवारी १६७४ ची लढाई आणि प्रतापराव गुजर आठवतात. खिंडीतल्या स्मारकाला लोक लांबून येतात, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण नेसरी ही त्या एका दिवसापुरती नाही. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांची ती बाजारपेठ आहे. तारेवाडी, हडलगे, कानडेवाडी अशा गावांची माणसे दवाखाना, शाळा, बँक, खत-बियाणे, पोलीस ठाणे अशा कामांना इथे येतात. त्यामुळे नेसरीच्या ग्रामसभेत जे प्रश्न निघतात ते बहुतेकदा एकट्या नेसरीचे नसतातच. आणि जिल्ह्याचे मुख्यालय आम्हाला लांब पडते. कोल्हापूरला निघालेली एसटी सहसा निपाणीवरून जाते. आपल्याच जिल्ह्याच्या कचेरीत पोचायला दुसऱ्या राज्यातून जावे लागते. एका सहीसाठी सकाळची गाडी धरून संध्याकाळी परत येणाऱ्या सरपंचाचा अख्खा दिवस जातो. ज्याचे पोट रोजगारावर आहे असा सदस्य तो दिवस देऊच शकत नाही.

त्यात खरा गोंधळ दारांचा आहे. गावातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, वाडीकडे वळणारा जिल्हा परिषदेचा, गल्लीतला ग्रामपंचायतीचा, आणि शिवारातली पाणंद कधी सगळ्यांची तर कधी कुणाचीच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र आपल्याकडे, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाकडे. घटप्रभेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे कधी घालायचे, कधी काढायचे आणि उन्हाळ्यात उपसाबंदी किती दिवस ठेवायची, हे पाटबंधारे खाते ठरवते. त्याच पाण्यावरच्या मोटरींना वीज किती तास आणि कुठल्या वेळेला, हे महावितरण ठरवते. ऊस वाळायला लागला की शेतकऱ्याला ही खाती वेगळी दिसत नाहीत. त्याला एकच सरकार दिसते. ग्रामसभेत तो उठून विचारतो, आणि समोर बसलेले सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आम्ही अजून ग्रामसेवकच म्हणतो, त्याला सांगतात की हे आमच्या हातात नाही. ते खरेच सांगत असतात. मग ठराव होतो. ठराव वर जातो. आणि पुढच्या सभेत तोच शेतकरी तोच प्रश्न घेऊन पुन्हा उठतो. दोन-तीनदा असे झाले की तो यायचा थांबतो. गावात लोकशाहीविषयी निराशा कशी येते, असे कोणी विचारले तर मी हाच क्रम सांगेन.

आपल्या पदाला या जागी वेगळे महत्त्व आहे, ते त्याच्या इतिहासामुळे. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता. महाराष्ट्राने मात्र वसंतराव नाईक समितीचे ऐकून जिल्हा परिषद बळकट करायची वाट धरली. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्ह्याच्या विकासाची कामे लोकांनी निवडलेल्या सभागृहाने ठरवावीत आणि भारतीय प्रशासन सेवेतल्या अनुभवी अधिकाऱ्याने ती तडीस न्यावीत, ही त्यामागची कल्पना होती. म्हणजे गावाचा शब्द वर पोचवणारा आणि वरचा शब्द गावात आणणारा असा दुवा म्हणूनच आपली खुर्ची घडवली गेली. पुढच्या पिढीतल्या अनेक नेत्यांनी राजकारणाचे धडे याच सभागृहांत गिरवले, हे वेगळे सांगायला नको.

पैशाचे गणित पाहिले तरी गाव आणि जिल्हा यांना एकमेकांशिवाय चालत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात निधीचे ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला अशी वाटणी झाली. ऐकायला ग्रामपंचायत श्रीमंत वाटते. पण त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. उरलेल्या पैशातून शाळेची डागडुजी, दिवाबत्ती, गटार, स्मशानभूमी. ओढ्यावरचा पूल किंवा दोन गावांना जोडणारा रस्ता त्यात बसत नाही. आणि जे बसते त्यालाही अंदाजपत्रक लागते, आपल्याच अभियंत्याची तांत्रिक मान्यता लागते. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात गाव इच्छा लिहिते, पण ती कागदावरून जमिनीवर उतरवायला जिल्ह्याचा हात लागतोच. म्हणून संवाद हा इथे शिष्टाचाराचा भाग नाही. तो थांबला की काम थांबते.

या संवादासाठी कायद्याने एक जागा आधीच करून ठेवली आहे, ती लोकांना फारशी माहीत नाही. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाच्या कलम ७७ अ मध्ये सरपंच समिती आहे. तालुक्यातले पंधरा सरपंच किंवा एकूण सरपंचांच्या एक पंचमांश, यांपैकी जी संख्या जास्त असेल तितके तिचे सदस्य, आणि दर वर्षी आळीपाळीने नवे. पंचायत समितीचे उपसभापती तिचे अध्यक्ष, विस्तार अधिकारी सचिव. महिन्यातून एकदा तरी बैठक. गावांनी एकत्र बसून, एकमेकांचे प्रश्न ऐकून तालुक्याला सल्ला द्यावा, यासाठी याहून सोपी रचना कुणी सुचवू शकणार नाही. घटप्रभेचे पाणी नेसरीने एक मागायचे आणि शेजारच्या गावाने दुसरे, यापेक्षा काठची सगळी गावे मिळून एकच वेळापत्रक मागतील तर पाटबंधाऱ्यालाही ते टाळणे अवघड जाईल.

पण अध्यक्षच नसेल तर? मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. निवडणुका इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात अडकल्या. राज्यभर सभागृहे रिकामी झाली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. अखेर सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. सभापती नव्हते, उपसभापती नव्हते, म्हणजे सरपंच समितीलाही डोके नव्हते. ठराव करणारे आणि त्याची अंमलबजावणी करणारे असे जे दोन वेगळे आवाज कायद्याने ठेवले होते, ते त्या काळात एकाच खुर्चीत आले. सभागृहात उभे राहून ‘माझ्या गटातल्या त्या ठरावाचे काय झाले?’ असे विचारणारा माणूस गावाने गमावला. तो खंड किती महाग पडला, हे शहरात बसून कळणार नाही. ग्रामपंचायती मात्र चालू होत्या, ग्रामसभा होत होत्या. लोकशाहीची खालची पायरी शाबूत होती आणि मधल्या दोन नव्हत्या.

म्हणूनच मी सदस्यांवर किंवा ओळखीवर अवलंबून नसलेली व्यवस्था मागतो आहे. आमच्या शेजारच्या कानडेवाडीचे बाबासाहेब कुपेकर २००४ ते २००९ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. आपल्या भागातला माणूस इतक्या मोठ्या पदावर असणे ही भाग्याची गोष्ट. पण सगळ्या गावांना, सगळ्या काळात असे भाग्य लाभत नाही. ज्या वाडीचा कुणी ओळखीचा नाही, तिच्या ठरावालाही तितकेच वजन हवे. आणि ते वजन मोजायचे एकच माप मला दिसते : उत्तर किती दिवसांत आले.

गावाचा ठराव वरपर्यंत पोचला तर काय घडू शकते, हे याच जिल्ह्याने राज्याला दाखवले आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे आमच्या गावात होणार नाही, असे गावाने एकत्र बसून ठरवले. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनी हेरवाडचे अनुकरण करावे असे सांगितले. मुंबईतल्या एखाद्या आयोगाला जे सुचले नाही ते शिरोळच्या एका गावाला सुचले, आणि शासनाने वेळ न दवडता त्याला दाद दिली. तिथे निधी लागत नव्हता, हे खरे. पण दखल लागत होती, आणि ती मिळाली.

दुसरे उदाहरण दारूबंदीचे. गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की यंत्रणेला सह्यांची पडताळणी करून मतदान घ्यावे लागते, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. गडहिंग्लज-चंदगड पट्ट्यातल्या बायकांना हे नियम सांगावे लागत नाहीत. या लढ्यात बायका उतरतात, कारण आपण काय केले की पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक असते. इतके मत पडले की असे घडेल, हा शब्द शासनाने दिलेला आहे. ग्रामसभेच्या इतर ठरावांना असा कुठलाच शब्द नाही. मग रिकाम्या सतरंज्या पाहून ‘लोक उदासीन आहेत’ असे आपण का म्हणावे?

जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण इथे उपयोगी आहे. स्कॉटलंडमध्ये १९७३ च्या कायद्याने कम्युनिटी कौन्सिल नावाच्या छोट्या स्थानिक परिषदा आल्या. त्यांना कर बसवायचा अधिकार नाही, मोठा निधी नाही, आमच्या ग्रामपंचायतीसमोर त्या अगदीच दुबळ्या. पण त्यांच्या परिसरात कुणी बांधकामाचा अर्ज केला तर वरच्या परिषदेला त्यांचे मत विचारात घ्यावेच लागते. विचारले जाण्याचा हक्क त्यांच्याकडे आहे. आमच्या ग्रामसभेकडे कागदावर त्याहून कितीतरी जास्त आहे : लाभार्थी निवडायचे, आराखडा मंजूर करायचा, खर्चाचा हिशेब मागायचा. आपल्या बाजूला कमी आहे ती फक्त उत्तराची हमी.

आता गावाच्या बाजूचेही बोलले पाहिजे, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. ग्रामसभेला गणसंख्या लागते ती मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी असेल ती. एवढीही माणसे कित्येक गावांत वेळेवर जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसल्याने थोड्याच माणसांत मोठे विषय मंजूर होतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदोपत्री उरकली जाते, आणि बायकांनी पाण्याविषयी, रेशनविषयी मांडलेले मुद्दे मुख्य सभेत पोचतच नाहीत. ठराव लिहिण्यातही आम्ही कमी पडतो. एका ठरावात पंधरा मागण्या, कुठला रस्ता कुठून कुठपर्यंत याचा पत्ता नाही, गट नंबर नाही, जागा कुणाची हे तपासलेले नाही. असा ठराव आपल्या टेबलावर आला तर अभियंता तरी काय करणार? शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश पालक असतात, आरोग्य व पाणीपुरवठ्याची समिती असते, पण तिथे बसणाऱ्यांना आपले अधिकार माहीत नसतात आणि सह्या घरपोच घेतल्या जातात. हे सगळे बदलणे आमच्या हातात आहे, आणि बदलायला हवे. एक विषय, एक ठराव, सोबत जागेचा तपशील आणि ज्यांच्याकडे जायचा त्या विभागाचे नाव, एवढी शिस्त गावाने लावून घेणे अवघड नाही. गावातली शिकलेली मुले-मुली यासाठी उपयोगी पडतील. त्यांना कुणी हाक मारलेली नाही, इतकेच.

आपल्याकडून काय व्हावे, तेही स्पष्ट लिहितो. पंचायत समितीत ठरावांची एक नोंदवही असावी. हाती लिहिलेली असो की संगणकावरची. आलेल्या प्रत्येक ठरावाला क्रमांक, तारीख आणि पुढे तो कोणाकडे गेला याची नोंद. दप्तर दिरंगाई कायद्याने घालून दिलेली मापेच इथे लावावीत : जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या विषयाला ४५ दिवस, दुसऱ्या खात्याचा असेल तर तीन महिने. दुसऱ्या खात्याचा विषय असला तर गावाला परत न पाठवता आपणच तो त्या खात्याकडे पाठवावा आणि गावाला कळवावे. गावाने बांधकाम विभाग, पाटबंधारे, महावितरण, एसटी अशा चार दारांवर हिंडण्यापेक्षा जिल्हा परिषदेने एका पत्राने ते करणे सोपे आहे, आणि आपल्या पत्राला वजनही जास्त असते. यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरे आहे. जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांत हजारावर ग्रामपंचायती आहेत, हे ओझे मोठे आहे याची जाणीव आहे. म्हणून सगळीकडे एकदम नको. गडहिंग्लज, आजरा, चंदगड हे लांबचे तीन तालुके आधी घ्यावेत. ज्यांना कोल्हापूर सगळ्यात दूर पडते त्यांच्यापासून सुरुवात करणे न्यायाचे होईल.

सरपंच समितीची महिन्याची बैठक प्रत्येक वेळी तालुक्याच्या गावीच कशाला? ती फिरती ठेवावी. एक नेसरीत घ्यावी, एक हलकर्णीकडे, एक नूलकडे. पाटबंधारे, बांधकाम आणि वीज या तिन्ही खात्यांचा निर्णय घेऊ शकणारा माणूस तिथे असावा, आणि बैठकीचे इतिवृत्त त्या भागातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. आपण स्वतः वर्षातून एकदा अशा बैठकीला आलात तर त्या दिवशी आमच्या भागातल्या सरपंचांना निपाणीमार्गे यावे लागणार नाही.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर मागील इतिवृत्त वाचून कायम करणे या पहिल्या विषयानंतर ‘मागील ठरावांवर जिल्हा परिषदेकडून आलेली उत्तरे’ हा दुसरा विषय कायमचा घ्यावा, अशी सूचना मी आमच्या ग्रामपंचायतीला देणार आहे. अनुमोदन मिळेल अशी खात्री आहे. त्या विषयाखाली वाचायला आपल्याकडचा कागद सभेच्या नोटिशीआधी, म्हणजे निदान आठ दिवस अगोदर, पोचेल अशी व्यवस्था करावी, ही विनंती.

आपला,
नेसरीचा एक ग्रामस्थ व मतदार